आरोग्य-विवेक : मातीतील बुरशी आणि श्वासाचा यत्नाचार



वैशाख उलटू लागला की मराठवाड्यात वावटळी उठू लागतात. नांगरून पडलेली जमीन तापून भुसभुशीत झालेली असते. वारा तिची पूड उचलतो आणि सिल्लोड-कन्नडपासून पैठणपर्यंत सारा आसमंत मातकट करून सोडतो. मोंढ्यात, जाधववाडीच्या बाजार समितीत, वाळूजच्या गोदामांत दिवसभर बसणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही धूळ नवी नाही. घसा खवखवतो, दोन दिवस खोकला येतो, हळद घातलेले दूध किंवा काढा घेतला जातो आणि विषय संपतो. बहुतेक वेळा तो खरोखरच संपतो. मात्र मातीच्या धुळीबरोबर केवळ खनिज कण फुप्फुसात जात नाहीत. काही सजीवही जातात. त्यांपैकी बुरशीचे सूक्ष्म बीजाणू काही व्यक्तींच्या फुप्फुसात रुजतात आणि न्यूमोनिया किंवा क्षयरोगाचे रूप घेऊन वैद्यालाही चकवतात. या विकारांची ओळख करून घेणे आज आपल्या समाजाला दोन कारणांनी आवश्यक झाले आहे. एक कारण आपल्या दुकानात आहे आणि दुसरे आपल्या मुलांच्या परदेशातील घरात.

दुसऱ्या कारणापासूनच आरंभ करू.

खोऱ्यातील ताप

अमेरिकेतील ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या कोरड्या मातीत ‘कॉक्सिडिऑइडिस’ नावाची बुरशी राहते. कॅलिफोर्नियातील सॅन होआकिन खोऱ्यावरून तिच्यामुळे होणाऱ्या आजाराला ‘व्हॅली फीवर’ म्हणजे खोऱ्यातील ताप असे सुटसुटीत नाव पडले. पावसाने माती ओलावली की ही बुरशी तंतूंच्या रूपाने वाढते. माती वाळली की ते तंतू ठिसूळ होऊन तुटतात आणि त्यांचे तीन ते पाच मायक्रॉन एवढे सूक्ष्म तुकडे वाऱ्यावर स्वार होतात. नाकातील केसांना आणि घशातील ओलाव्याला चुकवून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या कप्प्यांपर्यंत पोहोचण्यास हा आकार नेमका सोयीचा आहे. तेथे पोहोचल्यावर ती आपले रूप पालटते. तंतू सोडून ती गोलक बनते, गोलकात शेकडो सूक्ष्म पिले तयार होतात, गोलक फुटतो आणि प्रत्येक पिलू नवा गोलक होऊ लागते.

या आजाराची पहिली नोंद १८९२ साली अर्जेंटिनातील ब्युनॉस आयरिस येथे अलेहान्द्रो पोसादास या तरुण वैद्यकाने केली. त्याचा रुग्ण एक सैनिक होता. आरंभी संशोधकांना हा जंतू प्राणिवर्गातील वाटला. १९०० साली तो बुरशी असल्याचे सिद्ध झाले. पुढे १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला. डोंगरउतार ढासळले, धुळीचे लोट शेजारच्या खोऱ्यांवर पसरले आणि त्यानंतरच्या आठवड्यांत व्हेन्चुरा परगण्यात या आजाराचे २०३ रुग्ण आढळले. त्यांपैकी तिघे दगावले. २०१९ साली अमेरिकेत सुमारे २०,००० रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील बहुसंख्य रुग्ण ॲरिझोना व कॅलिफोर्निया याच दोन राज्यांतील होते.

हे सारे सात समुद्रापलीकडचे वृत्त छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाने का वाचावे? कारण फिनिक्स, टूसान, बेकर्सफील्ड, फ्रेस्नो ही नावे आता आपल्या घरोघरी उच्चारली जातात. मुलगा संगणक क्षेत्रात तिकडे स्थिरावतो, सून बाळंतीण होणार असते, आई-वडील तीन-चार महिने राहून येतात. आता अशी कल्पना करावी की साठी ओलांडलेले, मधुमेह असलेले एक गृहस्थ फिनिक्सहून परतले. तेथे मुलाच्या नव्या बंगल्याभोवती बांधकाम चालू होते आणि ते रोज पहाटे त्या बाजूने फिरावयास जात असत. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला, रात्री घाम, छातीत दुखणे, गुडघे-घोटे धरणे आणि अंथरुणातून उठवत नाही असा थकवा सुरू झाला. एक्स-रेमध्ये डाग दिसला. प्रतिजैविकाचा एक क्रम झाला, दुसरा झाला. डाग तसाच राहिला. आपल्याकडे अशा डागाचा पहिला अर्थ क्षयरोग असाच लावला जातो आणि तो चुकीचा नाही, कारण क्षय आपल्याकडे खरोखरच अतिशय व्यापक आहे. मात्र थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसताना, केवळ डागावरून सहा महिन्यांचे औषध सुरू झाले तर खरा रोग आत वाढत राहतो.

येथे वैद्याचा दोष काढण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही बुरशी भारताच्या मातीतील नाही. आपल्याकडे नोंदले गेलेले मोजके रुग्ण बहुतांशी अशा प्रदेशांत राहून आलेले होते. मराठवाड्यातील वैद्याच्या मनात तिचे नाव सहज येणार नाही. ते यावे यासाठी रुग्णाने एक वाक्य सांगावे लागते : “मी गेल्या काही महिन्यांत ॲरिझोनात राहून आलो आहे.” एवढ्या वाक्याने तपासाची दिशा बदलते. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी, आवश्यक तर फुप्फुसातील द्रवाची किंवा ऊतीची तपासणी यांद्वारे निदान होऊ शकते. नमुना प्रयोगशाळेत पाठवतानाही हा प्रवास कळविणे आवश्यक असते, कारण या बुरशीची वाढ उघड्या पेटीत हाताळणे तेथील कर्मचाऱ्यांनाही धोक्याचे ठरते.

भयभीत होण्याचे मात्र कारण नाही. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे साठ टक्के लोकांना काहीच जाणवत नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना एक ते तीन आठवड्यांनी फ्लूसारखा आजार होतो व काही आठवड्यांत वा महिन्यांत तो आपोआप ओसरतो. पाच ते दहा टक्के रुग्णांत फुप्फुसाचा त्रास रेंगाळतो आणि सुमारे एक टक्का रुग्णांत बुरशी फुप्फुसाबाहेर हाडे, त्वचा किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. मधुमेही, अवयवरोपण झालेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दबविणारी औषधे घेणारे आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धातील स्त्रिया यांना धोका अधिक असतो. सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या घरांनी हा शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. म्हणून रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करणे, नातवंडांना दूर ठेवणे, समाजापासून लपविणे यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही.

आपल्या मातीतील बुरशी

आता आपल्या दुकानाकडे येऊ. कॉक्सिडिऑइडिस आपल्याकडे नसली तरी धुळीतून फुप्फुसात जाणाऱ्या अन्य बुरशी आपल्या नित्य सहवासात आहेत. त्यांतील प्रमुख ॲस्परजिलस. माती, कुजलेला पाला, ओलसर भिंत आणि दमट धान्य ही तिची घरे. आपण सर्वजण तिचे बीजाणू रोज श्वासावाटे घेतो आणि निरोगी फुप्फुस त्यांचा निकाल लावते. अडचण तीन प्रकारच्या व्यक्तींना येते.

पहिला प्रकार दमेकऱ्यांचा. त्यांपैकी काहींच्या श्वासनलिकेत ही बुरशी राहते आणि शरीर तिच्याविरुद्ध तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया देते. दमा औषधांनी आटोक्यात येत नाही, खोकल्यातून तपकिरी घट्ट खडे पडतात, एक्स-रेमधील सावल्या जागा बदलतात. दुसरा प्रकार पूर्वी क्षयरोग होऊन बरे झालेल्यांचा. क्षयाने फुप्फुसात पोकळी ठेवलेली असेल तर त्या रिकाम्या कोठडीत बुरशीचा गोळा वाढतो आणि वर्षांनंतर खोकल्यातून रक्त पडू लागते. “क्षय पुन्हा उलटला” असे सर्वांना वाटते, पण प्रत्येक वेळी तो उलटलेला नसतो. तिसरा प्रकार प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांचा. कर्करोगाचे उपचार किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत ही बुरशी फुप्फुसाच्या ऊतीतच शिरते.

म्युकरमायकोसिस या शब्दाचा परिचय तर आपल्या शहराला २०२१ च्या उन्हाळ्यात फारच कठोरपणे झाला. करोनातून वाचलेली माणसे डोळा, जबडा, प्रसंगी प्राण गमावून बसली आणि ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरोशहरी भटकले. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करण्यास सांगितले. त्या बुरशीचे बीजाणूही माती, धूळ आणि कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतच असतात. बीजाणू आधीही होते आणि आजही आहेत. त्या वर्षी त्यांना वाट मोकळी करून दिली ती अनियंत्रित मधुमेहाने आणि स्टेरॉइडच्या अतिवापराने. त्यातून शिकावयाचा धडा असा की खोकला लांबला म्हणून मागच्या आजारातील उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आपल्या समाजात बैठा व्यवसाय आणि मधुमेह यांची संगत जुनी आहे. रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे हे बुरशीविरुद्धचेही संरक्षण होय.

हिस्टोप्लाझ्मा नावाची आणखी एक बुरशी पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत वाढते. भारतात तिचे रुग्ण मुख्यतः गंगेच्या मैदानी प्रदेशात आढळतात, तरी अन्यत्रही तुरळक नोंदी आहेत. जुने वाडे, वर्षानुवर्षे बंद असलेली तळघरे, जीर्णोद्धारासाठी उघडली जाणारी देवालये येथे वटवाघळांची विष्ठा साचलेली असते. जीर्णोद्धाराचे पुण्यकार्य हाती घेणाऱ्या विश्वस्तांनी पहिल्या झाडलोटीच्या वेळी ही माहिती ध्यानात ठेवावी.

दयेची जागा

कबुतरांचा प्रश्न येथे टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून, विशेषतः दादरच्या कबुतरखान्यावरून, मोठा वाद झाला. प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आपल्या समाजाच्या भावना दुखावल्या. भावनेचा आदर ठेवूनच वैद्यकीय वस्तुस्थिती समजून घ्यावी. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी यांमुळे होणारा फुप्फुसाचा प्रमुख विकार हा संसर्ग नसून ॲलर्जीजन्य दाह आहे. तो दीर्घकाळ चालला तर फुप्फुस कठीण होत जाते व ते कठीणपण मागे फिरत नाही. याशिवाय त्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही बुरशी वाढते. ती प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांच्या फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. प्रत्येक कबुतर रोग पसरवते असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे आणि काहीच धोका नाही असे म्हणणे असत्य.

पक्ष्यांना दाणे घालणारा हात दयेचाच असतो. त्या दाण्यांची जागा शेजाऱ्याच्या खिडकीखाली, दवाखान्याजवळ किंवा स्वतःच्या दमेकरी आईच्या गच्चीत नसावी, एवढाच विवेक अपेक्षित आहे. त्याच धान्याचे दान पांजरपोळात पोहोचले तर जीवदयेत उणेपणा येत नाही.

यत्नाचार आणि धूळ

या सर्व विकारांना प्रतिबंधक लस माणसासाठी उपलब्ध नाही. धुळीवर नियंत्रण ठेवणे मात्र आपल्या हाती आहे आणि ते उपयोगी पडते याचा ऐतिहासिक दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅन होआकिन खोऱ्यातील विमानतळांवर सैनिक मोठ्या संख्येने खोऱ्यातील तापाने आजारी पडू लागले. चार्ल्स स्मिथ या वैद्यकाच्या देखरेखीखाली तेथे हिरवळ लावण्यात आली, रस्ते पक्के केले गेले, मोकळ्या मातीवर तेल शिंपडण्यात आले. त्यानंतर नव्या संसर्गाचे प्रमाण लक्षणीय घटले. औषध हाती नसतानाही केवळ माती बसविल्याने हे साधले.

आपल्या परंपरेत प्रमार्जनाचा संस्कार आहे. पूंजणी मऊ असते, हात हलका असतो, दृष्टी जागी असते. त्याचा हेतू सूक्ष्म जीवांचे रक्षण हा आहे. पण तोच हलका हात धूळही कमी उडवतो. याउलट गोदामात खराट्याने कोरडी झाडलोट केली की बसलेले बीजाणू पुन्हा हवेत जातात. ओल्या फडक्याने पुसणे किंवा मोजके गाळलेले पाणी शिंपडून मग केर काढणे यात पाण्याचा अपव्ययही होत नाही आणि धूळही उठत नाही. मुखवस्त्रिकेविषयी काही जण विचारतात. तिचा हेतू आपल्या श्वासाने वायुकायिक जीवांना बाधा होऊ नये हा आहे. बीजाणू अडविण्यासाठी ती नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो. रुमाल किंवा उपरणे अपुरे पडते.

धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा. आपल्या जिल्ह्यात मका मोठ्या प्रमाणावर येतो आणि तो बहुधा परतीच्या पावसात भिजतो. आर्द्रता चौदा टक्क्यांहून अधिक असलेला मका थप्पीला लावला की आतून तापतो व बुरशी धरतो. पोते उघडताना उठणारा हिरवट-करडा धूर म्हणजे बीजाणूंचा ढग असतो. माल वाळवून घेणे, आर्द्रतामापक वापरणे, थप्पी भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर लावणे आणि वारा खेळता ठेवणे यात व्यापाराचेही हित आहे. धर्मदृष्टीने तर ते अधिकच उचित, कारण बुरशी उत्पन्न झाल्यावर ती नष्ट करण्यापेक्षा तिच्या उत्पत्तीला निमित्तच न देणे हा कमी हिंसेचा मार्ग होय. ओलावा न साठविणारे स्वयंपाकघर आणि ओलावा न साठविणारे गोदाम यांना एकच नियम लागू आहे.

बुरशीनाशक औषध घेणे हिंसा नव्हे काय, असा प्रश्न श्रद्धावान रुग्ण विचारतात. गृहस्थासाठी संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे; रोगाच्या प्रतिकारासाठी घेतलेले औषध संकल्पी हिंसेत मोडत नाही. मनात शंका उरल्यास गुरुजनांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे, पण तोवर औषध थांबवू नये. उपचार महिनोन्‌महिने चालतात. फ्लुकोनॅझोल बहुधा दिवसातून एकदा घ्यावयाचे असते, म्हणून चौविहार पाळणाऱ्यांना त्याची वेळ सहज बसविता येते. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मात्र जेवणाबरोबर घ्याव्या लागतात आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांनी त्यांचा परिणाम घटतो. म्हणून उपवास, आयंबील किंवा पर्युषणातील अठ्ठाई करावयाची असेल तर ते वैद्यांना आधी सांगावे. सांगितल्यावर बहुधा मार्ग निघतो; न सांगता गोळ्या चुकविल्या तर रोग उलटतो.

केव्हा सावध व्हावे

तीन आठवड्यांहून अधिक खोकला, उतरून पुन्हा येणारा ताप, थुंकीत रक्त, वजन घटणे किंवा दोन प्रतिजैविकांनंतरही न हटणारा डाग असेल तर फुप्फुसतज्ज्ञांकडे जावे. प्रथम थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी. घाटी रुग्णालयासारख्या शासकीय संस्थेत ती विनामूल्य होते. ती नकारात्मक आली तर “बुरशीचा विचार करावा काय?” असे नम्रपणे विचारावे. सोबत चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : गेल्या वर्षभरातील प्रवास, व्यवसायातील धुळीचा प्रकार, पूर्वी झालेला क्षय किंवा दमा, आणि चालू असलेली सर्व औषधे. सुरू असलेले क्षयरोगाचे औषध स्वतःहून बंद करू नये. परदेशातील मुलांकडे जाणाऱ्यांनी धुळीच्या वादळात दारे-खिडक्या लावून घरातच थांबावे, बांधकामाच्या बाजूने फिरणे टाळावे आणि बागेतील माती उकरण्याची हौस तेवढ्यापुरती आवरावी.

शेवटी एका व्यक्तीविषयी लिहिणे अगत्याचे आहे. आपल्या गोदामातील सर्वात अधिक धूळ मालकाच्या फुप्फुसात जात नाही. ती पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या, चाळण मारणाऱ्या मावशींच्या आणि थप्पीमागचा केर काढणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात जाते. गादीवर बसणाऱ्याला खोकला झाला तर तो तज्ज्ञांकडे जाईल. हमालाचा खोकला विडीच्या नावावर खपून जाईल. मुंगी वाचावी म्हणून खाली पाहून चालणाऱ्या समाजाने आपल्याच छपराखाली श्वास घेणाऱ्या माणसाकडेही तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे. या पर्युषणापूर्वी प्रत्येक पेढीने आपल्या हमालांसाठी मास्क घ्यावेत, कोरडी झाडलोट बंद करावी आणि खोकणाऱ्या प्रत्येकाची एकदा तपासणी करवावी. त्याचा खर्च पेढीच्या वहीत धर्मादाय खात्यावर न टाकता व्यवसायाच्या खर्चातच लिहावा, कारण ते दान नव्हे, आपल्यावरील ऋण आहे.